पेशंट सांभाळणाऱ्या बायकांची नोंद कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की आमच्या कोपरखैरण्यात पेपरच्या घडीतून एक पिवळा कागद हमखास पडतो. 'सहा महिन्यांत नर्स बना, शंभर टक्के नोकरी.' यंदाही पडला. खालच्या घरातली मुलगी तो कागद घेऊन माझ्याकडे आली. तिला ६४ टक्के मिळालेत, वडील रिक्षा चालवतात. "काकू, तुम्ही पण हाच कोर्स केला होता ना? भरू का फी?" मी तिला म्हटलं, चहा होईपर्यंत बस. चहा झाला, तिने कप विसळून ठेवला, तरी मला सरळ उत्तर देता येईना. 'हो' म्हणावं तर माझ्यासारखी फसेल, 'नाही' म्हणावं तर चांगल्या कामापासून तिला तोडल्यासारखं होईल. ते उत्तर नीट लिहून काढावं म्हणून हे पत्र. लांबलं आहे, पण कृपया कापू नये.

मी ४६ वर्षांची आहे. गेली चौदा वर्षं पेशंट सांभाळते. काही वर्षं हॉस्पिटलमध्ये केली, आता ब्युरोमार्फत, म्हणजे घरोघरी माणसं पाठवणाऱ्या एजन्सीमार्फत, बारा तासांची ड्युटी करते. ब्युरोच्या वहीत मी 'अटेंडंट', हॉस्पिटलात 'मावशी', घरच्या लोकांच्या फोनवरच्या बोलण्यात 'ती बाई आहे ना ती'. सरकारी कागदावर आमचं नाव आहे जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे जीडीए. आंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं, लघवीची पिशवी रिकामी करून माप लिहिणं, ताप, नाडी, बीपी बघून वहीत मांडणं आणि काही बदल दिसला तर सिस्टरला किंवा डॉक्टरांना लगेच कळवणं, हे आमचं काम. पेशंटच्या अंगाला दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा हात लागतो तो आमचा.

मी पहिला कोर्स केला २०११ साली. असाच कागद, असंच वाक्य. फी १८ हजार. निम्मे भिशीतून उचलले, निम्मे सासूबाईंनी दिले. दुकानाच्या वर एक खोली, तीत एक लोखंडी खाट, गादी नाही, आणि बीपीचं एकच मशीन, त्याच्या फुग्यातून हवा गळायची. आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन तास सर वहीतून लिहून द्यायचे आणि आम्ही बावीस जणी उतरवून घ्यायचो. इंजेक्शन संत्र्यावर शिकवलं. सहा महिन्यांनी सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर मोठ्या अक्षरांत 'नर्सिंग' असं होतं. माझ्या नवऱ्याने त्याची फ्रेम करून आणली.

तो कागद घेऊन मी एका हॉस्पिटलात गेले. तिथल्या मेट्रन मॅडमनी तो वाचला, मग उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली. वाईट बोलल्या नाहीत. मला खुर्चीवर बसवून समजावलं. नर्स म्हणजे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये जिचं नाव आहे ती. त्यासाठी एएनएम किंवा जीएनएम हे नर्सिंगचे कोर्स, नाही तर चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग करावं लागतं. तेही कौन्सिलची मान्यता असलेल्या संस्थेत. मग नोंदणी क्रमांक मिळतो आणि त्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, मधल्या काळात नवीन शिकल्याचा पुरावा द्यावा लागतो. "तुमच्या कागदावर यातलं काहीच नाही," त्या म्हणाल्या. मला त्यांनी आया म्हणून ठेवून घेतलं. त्या दिवशी मला मेट्रन मॅडमचा नाही, त्या खोलीतल्या सरांचा राग आला. आजही येतो. अठरा हजार रुपये तेव्हा आमच्या घरात कसे जमले होते ते मलाच माहीत.

पण माझं दुःख पैशाचं राहिलं नाही. त्याहून मोठी गोष्ट पुढच्या वर्षी घडली.

२०१२ साली मी ऐरोलीत एका आजोबांकडे होते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, बोलणं बंद, पण डोळे एकदम जागे. एका सकाळी आंघोळ घालताना माकडहाडावर रुपयाएवढा लाल चट्टा दिसला. मला कोर्समध्ये शिकवलं होतं, लाल झालं की स्पिरिट लावून चांगलं चोळायचं आणि पावडर टाकायची, रक्त खेळतं राहतं. मी मनापासून चोळलं. सकाळ-संध्याकाळ, चार दिवस. पाचव्या दिवशी कातडी सुटून हाताला आली. जखम खोल गेली. घरच्यांनी गादीला दोष दिला, नवीन एअरबेड आणला. आजोबा माझ्याकडे बघत राहायचे. ड्रेसिंगला येणारी सिस्टर काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. जखम भरायला अडीच महिने लागले.

पाच वर्षांनी, २०१७ मध्ये, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतून मी जीडीएचा कोर्स केला. फी नव्हती. शिकवायला निवृत्त सिस्टर होत्या, तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या. तिसऱ्या आठवड्यात बेडसोअरचा, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेचा, धडा आला. त्यांनी सांगितलं, लाल जागेवर बोट दाबा आणि उचला. पांढरी पडून परत लाल झाली तर अजून वेळ आहे, दाब काढा, कूस बदला. दाबल्यावरही तशीच लाल राहिली तर कातडीच्या आत इजा सुरू झाली आहे. अशा जागी कधीही चोळायचं नाही, चोळल्याने आतलं मांस आणखी फाटतं. स्पिरिटने कातडी कोरडी पडते. दर दोन तासांनी कूस बदला, चादरीला सुरकुती नको, पेशंटला ओढायचं नाही, दोघींनी चादरीसकट उचलायचं.

मी वर्गात रडले. सिस्टरना वाटलं घरी काही झालं. आजोबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मधल्या पाच वर्षांत ज्या ज्या पेशंटच्या कंबरेला मी जीव ओतून चोळलं होतं त्या सगळ्यांचे चेहरे आले. मी आळस केला नव्हता की हयगय केली नव्हती. मला शिकवलं होतं तेच मी नेमाने करत होते. मधल्या काळात ते चूक आहे हे सांगायला कोणी आलं नाही, कारण माझ्यासारखीला परत काही शिकवावं अशी सोयच कुठे नाही.

हे मला संपादकसाहेब तुमच्या वाचकांना सांगायचं आहे. एकदा कोर्स करणं हा अर्धाच भाग झाला. जे शिकलो ते आजही बरोबर आहे का, हे तपासत राहणं हा दुसरा अर्धा भाग, आणि आमच्या बाबतीत तो संपूर्ण गायब आहे.

जीडीएची परीक्षा मला अजून लख्ख आठवते. परीक्षक बाहेरून आल्या होत्या, आमच्या सेंटरच्या नव्हत्या. लेखी झाली, तोंडी झाली, मग प्रात्यक्षिक. खाटेवर रबराची मोठी बाहुली, बाजूला व्हीलचेअर. चिठ्ठी उचलली: डाव्या बाजूला लकवा झालेल्या पेशंटला खाटेवरून खुर्चीवर घ्या. मी हात धुतले, खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, लावली. दोन्ही ब्रेक लावले, पाय ठेवायच्या पट्ट्या वर केल्या, बाहुलीला बसवून पाय खाली सोडले, थोडं थांबले, कारण एकदम उभं केलं तर चक्कर येते. गुडघ्याला गुडघा टेकवून आधार दिला आणि वळवून बसवलं. सगळं बरोबर केलं असं मला वाटलं. परीक्षक म्हणाल्या, "तुम्ही पेशंटशी एक शब्दही बोलला नाहीत." मी त्यांना उचलणार आहे, कुठे ठेवणार आहे, हे सांगितलंच नव्हतं. तेवढे मार्क गेले. पास झाले. पण त्या दिवसापासून आजतागायत एकाही पेशंटला न सांगता मी हात लावलेला नाही. शुद्ध हरपलेल्यांनाही सांगते, "आजी, आता डाव्या कुशीवर घेते हं." चांगली परीक्षा माणसाला असं बदलते. म्हणून मी परीक्षेच्या बाजूने बोलते आहे.

त्यानंतर आठ वर्षं झाली. माझ्या प्रमाणपत्रावर मुदत लिहिलेली नाही. या आठ वर्षांत तीन ब्युरो झाले, एकानेही विचारलं नाही की मधल्या काळात काही नवीन शिकलात का. पहिला प्रश्न असतो, "रात्रीची ड्युटी चालेल का?" दुसरा, "इंजेक्शन मारता का?"

या दुसऱ्या प्रश्नावर थोडं थांबते. इंजेक्शन देणं, सलाइन लावणं, नाकातली नळी घालणं हे आमचं काम नाही. ते नोंदणी असलेल्या नर्सचं काम आहे, कारण त्यात चुकलं तर जीव जातो. नळी आधीपासून घातलेली असेल तर तिच्यातून भरवताना डोकं वर ठेवणं आणि भरवून झाल्यावर निदान अर्धा तास पेशंटला आडवं न करणं हे मात्र आम्हाला पाठ असायलाच हवं. घरचे लोक नर्सचे पैसे वाचवायला अटेंडंट ठेवतात आणि कामं नर्सची सांगतात. एका घरी मला इन्शुलिन द्यायला सांगितलं. मी नम्रपणे नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी ब्युरोचा फोन आला, "उद्यापासून तिथे जाऊ नका." माझ्या जागी जी मुलगी गेली ती देत होती. तिला वाईट म्हणणार नाही, तिला घरी दोन लेकरं होती. पण माझ्याकडे जर सरकारी कार्ड असतं आणि त्यावर छापलेलं असतं की या सेविकेने हे करायचं आणि हे करायचं नाही, तर मला भांडावं लागलं नसतं. कार्ड दाखवलं असतं. आणि तिलाही ते कार्ड दाखवून नाही म्हणता आलं असतं.

कोविडात एक गोष्ट मी पाहिली. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रातल्या कोविड सेंटरवर मी काम केलं. पीपीई किट कसं घालायचं आणि त्याहून अवघड म्हणजे कसं उतरवायचं, आधी हातमोजे, मास्क सगळ्यात शेवटी, प्रत्येक पायरीला हात स्वच्छ, हे आम्हाला दोन तासांत शिकवलं आणि एकमेकींवर नजर ठेवून करून घेतलं. ऑक्सिजन कमी झालेल्या पेशंटला पालथं कसं झोपवायचं, उशा कुठे लावायच्या, हेही तसंच. पुढे जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने कोविडसाठी कमी मुदतीचे सहा अभ्यासक्रम काढले, एक लाख लोकांना शिकवायचं ठरवलं. म्हणजे मनात आणलं तर आम्हाला शिकवता येतं, पटकन येतं, नीट येतं. साथ गेली आणि तो उत्साहही गेला. बेडसोअर काही साथीचा रोग नाही, पण तो रोज होतो आहे.

आता यंदाची गोष्ट. फेब्रुवारीपासून मी घोडबंदर रोडला एका आजींकडे जाते. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं, वय ८२. सकाळची साडेसहाची लोकल पकडून ठाण्याला दहा नंबरला उतरायचं, पूल चढून पश्चिमेला यायचं आणि बसने पुढे. पावणेआठला लिफ्टमध्ये. आजींची मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीत असते, ती महिनाभरासाठी आली होती. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "ताई, तुमचा रजिस्ट्रेशन नंबर द्या ना." मी प्रमाणपत्राची झेरॉक्स दिली. तिने ती बघितली आणि परत विचारलं, "हो, पण हे मी तपासू कुठे?"

मला आधी अपमान वाटला. मग तिने जे सांगितलं ते ऐकून वाटलं, हिने विचारलं ते बरोबरच होतं. तिची सासू तिकडे नर्सिंग होममध्ये आहे. तिथे आमच्यासारखं काम करणाऱ्यांना सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट म्हणतात. १९८७ सालच्या कायद्यापासून तिथे नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या प्रत्येकीला किमान ७५ तासांचं शिक्षण घ्यावं लागतं, त्यातले निदान १६ तास प्रत्यक्ष हाताने काम शिकण्याचे. काही राज्यांत त्याहून जास्त, तिच्या न्यू जर्सीत ९० तास. मग ज्ञानाची आणि हातकामाची अशी दोन्ही परीक्षा. पास झालेलीचं नाव राज्याच्या नोंदवहीत चढतं आणि ती नोंदवही कोणालाही बघता येते. सलग २४ महिने पगारी काम केलं नाही तर नाव चालू राहत नाही, पुन्हा शिकून किंवा परीक्षा देऊन यावं लागतं. आणि कामावर असलेलीला दर वर्षी किमान १२ तास शिकवणं ही नर्सिंग होमची जबाबदारी. मला सगळ्यात आवडलं ते हे की जी आधीच कामावर लागलेली आहे तिच्याकडून शिक्षणाचे आणि परीक्षेचे पैसे घ्यायला त्या नर्सिंग होमला मनाई आहे.

आणखी एक. कोणी पेशंटचा छळ केला, हयगय केली किंवा चोरी केली असं चौकशीत सिद्ध झालं तर तेही त्या नोंदवहीत लिहिलं जातं. पण त्याआधी तिचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि तिची बाजूही तिथे नोंदवता येते. हे ऐकून माझ्या पोटात कालवलं. माझ्यावर एकदा कानातल्या कुड्या गेल्याचा आळ आला होता. तीन दिवसांनी त्या उशीच्या अभ्र्यात मिळाल्या. घरच्यांनी मला फोन केला, सॉरी म्हणाले. पण तोवर ब्युरोने मला काढलं होतं, आणि का काढलं हे पुढच्या ब्युरोला माहीत होतं. आमची नोंदवही नाही असं म्हणताना मला हे आठवतं. नोंदवही आजही आहे. ती ब्युरोवाल्यांच्या व्हॉट्सॲपमध्ये आहे, तिच्यात आम्हाला बोलता येत नाही, एवढाच फरक.

नवीन प्रमाणपत्रांवर क्यूआर कोड असतो, ती डिजिलॉकरमध्येही येतात, हे मला मान्य आहे. चांगली सोय आहे. पण तो कोड इतकंच सांगणार की ही बाई अमुक साली पास झाली. आज तिचे हात काय करतात हे तो सांगत नाही. हृदय बंद पडलेल्याच्या छातीवर दाब देण्याचं शिक्षण असतं ना, बीएलएस, त्याचं अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोनच वर्षं चालतं. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, तीस दाबांनंतर दोन श्वास. तोंडपाठ असलं तरी दोन वर्षांत हाताचा जोर आणि वेग चुकायला लागतो, म्हणून परत बोलावतात. मग कूस बदलणाऱ्या हातांना परत का बोलवत नाहीत?

आमच्या घरात नोंदणीचं महत्त्व कोणी शिकवायची गरज नाही. माझे सासरे पाटण तालुक्यातले, माथाडी. आधी मस्जिद बंदरला, मग वाशीच्या मार्केटला पाठीवर गोणी वाहिल्या. ते सांगायचे, कायद्याआधी व्यापारी देईल तीच मजुरी, आजारी पडला की गावी जा, म्हातारा झाला की विसरा. अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना एकत्र केलं आणि १९६९ चा माथाडी कायदा आला. मंडळ आलं, नोंद आली, टोळी आली. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे ठराविक जादा रक्कम, मंडळात भरायची, तिथून कामगाराला मजुरी, फंड, ग्रॅच्युइटी. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन इथल्या माथाडी हॉस्पिटलमध्ये झालं. गोणी वाहणाऱ्या माणसाला पन्नास वर्षांपूर्वी या राज्याने क्रमांक दिला. सुरक्षारक्षकांसाठी १९८१ मध्ये कायदा केला, घरकामगारांच्या कल्याण मंडळासाठी २००८ मध्ये. आजींच्या सोसायटीच्या गेटवर जो रखवालदार माझी पिशवी तपासतो त्याच्या एजन्सीला २००५ च्या कायद्याने परवाना लागतो. एकोणिसाव्या मजल्यावर आजींना उचलणाऱ्या मला पाठवणाऱ्या ब्युरोला कोणी असं काही विचारल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून माझं मागणं आहे ते हे. आरोग्य खातं आणि कौशल्य विकास खातं यांनी एकत्र बसून राज्याची एक नोंदवही करावी, पेशंट सांभाळणाऱ्या सगळ्या बाया-पुरुषांची. प्रत्येकीला एक क्रमांक, मराठीत छापलेलं कार्ड, त्यावर काय करायचं आणि काय करायचं नाही. दर दोन-तीन वर्षांनी एक दिवस बोलवावं, आयटीआयमध्ये किंवा सरकारी दवाखान्यात, रविवारी, कारण बाकी दिवशी खाडा पडला की मजुरी जाते. पुस्तकी प्रश्न कमी विचारावेत, खाट आणि बाहुली पुढे ठेवून करायला लावावं. चुकलं तर तिथेच शिकवावं आणि परत करायला लावावं. नापास करून घरी पाठवण्यात काही हशील नाही.

खर्च कोणी करायचा? माझ्या बारा तासांचे घरचे लोक हजार रुपये भरतात, मला सातशे मिळतात. मधल्या तीनशेंतून ब्युरो फोन करतो आणि हजेरी मांडतो. माथाडींच्या लेव्हीसारखा त्यातला थोडा भाग नोंदवहीत जमा व्हावा आणि त्यातून आमचा तो एक दिवसाचा वर्ग आणि त्या दिवसाची मजुरी भागावी. हिपॅटायटिस-बीची लस, शून्य, एक आणि सहा महिन्यांची, तीही त्यातूनच द्यावी. मी ती स्वतःच्या पैशाने घेतली, अनेक जणींनी घेतलेलीच नाही आणि त्या रोज रक्ताने माखलेला कापूस उचलतात.

काही मैत्रिणी मला म्हणतात, तू आमच्या पोटावर पाय आणते आहेस. कार्ड आलं की आठवी शिकलेल्या बाईला कोण ठेवणार? ही भीती खरी आहे, मी ती झटकून टाकणार नाही. माझ्या ओळखीत एक बाई आहे, सही करता येत नाही, पण पेशंटला आंघोळ घालताना तिचा हात बघावा, पाण्याचा एक थेंब कानात जाणार नाही. अशांसाठीच अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य योजनेत आहे, तिला आरपीएल म्हणतात. ती मोठ्या प्रमाणात वापरावी, लेखीच्या जागी तोंडी घ्यावी. नोंदवहीचं दार आत येणाऱ्यांसाठी रुंद असावं आणि आत आलेलीला परत परत शिकवावं.

माझ्या जुन्या प्रमाणपत्राची फ्रेम अजून भिंतीवर आहे. त्यातला कागद मी २०१७ मध्ये काढला आणि नवीन घातला. जुना फाडला नाही, कपाटात आहे. परवा त्या मुलीला दोन्ही दाखवले, शेजारी शेजारी ठेवून. तिला सांगितलं, पिवळ्या कागदवाल्यांना जाऊन तीन गोष्टी विचार: प्रमाणपत्र कोणाच्या नावाने मिळणार, परीक्षा बाहेरचं कोणी घेणार का, आणि कुठल्या वॉर्डात किती दिवस हाताने काम करायला मिळणार. नर्स व्हायचं असेल तर अकरावीला प्रवेश घे, बारावीनंतर एएनएम किंवा जीएनएमला जा, दोन-तीन वर्षं जास्त लागतील पण कौन्सिलचा क्रमांक तुझ्या नावावर राहील. घरी आताच पैशाची नड असेल तर सरकारी योजनेतला जीडीए कर आणि रात्रीच्या कॉलेजातून बारावी कर. तिने हे सगळं वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "काकू, कूस कशी बदलतात ते दाखवाल?" माझ्या सासूबाई दुपारच्या झोपल्या होत्या. त्यांना उठवून विचारलं, त्या हो म्हणाल्या. मुलीने गुडघा उभा केला, खांद्याला आणि कंबरेला हात लावला आणि वळवायला लागली. मी थांबवलं. "आधी त्यांना सांग."

तिच्या वडिलांना मी येत्या रविवारी घरी बोलावलं आहे. पिवळ्या कागदावर पहिला हप्ता सोमवारी भरायचा आहे. त्याआधी हे पत्र छापता आलं तर फार बरं होईल.

कळावे,
आपली नम्र,
एक रुग्णसेविका, कोपरखैरणे, नवी मुंबई
(पूर्ण नाव व पत्ता सोबत कळवला आहे. ड्युटी चालू असल्याने छापू नये, ही विनंती.)